कडुनिंबाखालचा पाळणा

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब.

चुकून नाही, घाईत नाही. पंख्याखाली बसून, सरकारी कागदावर, गोल शिक्का मारून लिहिलंत. तुमची वाक्यं अशी होती: ‘सदर गल्लीची समक्ष पाहणी केली. ईदची सुट्टी असल्याने नगिन्यांचा कारखाना बंद होता. एकही बालक कामावर आढळले नाही. कडुनिंबाच्या सावलीत लाकडी झूला चालू होता. त्यावरून एक मुलगी पडताना मी स्वतः पाहिली.’

पाच वाक्यं. त्यांच्या जोरावर एका म्हाताऱ्याची कोठडीतून जेलात रवानगी व्हायची होती. ती पाच वाक्यं जयपूरच्या रेल्वे दवाखान्यातल्या एका ड्रेसर बाईनं कशी एकेक करून उसवली, ते आता सगळ्यांदेखत ऐका. साल अठ्ठ्याऐंशी, महिना मे. तुम्हाला आठवत असेलच.

१

बुधवारी, ईदच्या दुपारी, रत्नमाला दवाखान्यात एकटी होती. डॉक्टर सुट्टीवर, कंपाउंडर जेवायला. बाहेर लूच्या झळा इतक्या की फाटकाची कडी धरवत नव्हती.

मुनीरा पोरीला जवळजवळ उचलूनच आत आली. रेल्वे कॉलनीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावणारी ही बाई. नवरा तीन वर्षांपूर्वी गेलेला, पदरात दोन मुली. मोठी जैबुन, दहा वर्षांची. अंगात नवा गुलाबी फ्रॉक, गळ्यापाशी किमतीची चिठ्ठी अजून लोंबत होती. उजव्या हाताला फडकं.

“झूल्यावरून पडली, बाईजी. आत्ता, तासाभरापूर्वी.”

रत्नमालानं फडक्याचं टोक धरलं. निघेना. मिठाच्या कोमट पाण्यात हात अर्धा तास भिजवावा लागला, तेव्हा कुठे एकेक पदर सुटला. रक्त काळं पडलं होतं, वास धरला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चिरडून गेलेलं, आणि नखांच्या कडांत, जखमेच्या भेगांत हिरवी बारीक पूड. डावा हात पोरीनं मांडीवर उताणा ठेवला होता. त्यावर गडद मेंदी, बोटांच्या टोकापर्यंत. तोंडातून हूं की चूं नाही.

“तासाभरापूर्वी?” रत्नमालानं विचारलं.

मुनीरानं फ्रॉकची लोंबती चिठ्ठी आत खोचली.

“मुनीरा, मी बारा वर्षं दुसऱ्यांच्या जखमा धुतेय. मला काय सांगतेस?”

“बाईजी, लिहा ना. झूल्यावरून पडली, एवढंच लिहा. तुमच्या पाया पडते.”

रत्नमाला अकोल्याकडची. फटकळ म्हणून कॉलनीत प्रसिद्ध. पण दवाखाना फक्त रेल्वेच्या माणसांसाठी होता, बाहेरच्या पेशंटला हात लावला म्हणून मागच्याच वर्षी तिला बोलणी बसली होती. पोर लवकर मोठ्या दवाखान्यात पोचावी आणि हे लचांड आपल्या टेबलावरून जावं, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं चिठ्ठी ओढली आणि लिहिलं: झूल्यावरून पडून उजव्या हाताला दुखापत. खाली सही.

खोटं लिहिणारे तुम्ही एकटे नव्हतात, साहेब. फरक पुढे कळेल.

२

गुरुवारी सकाळी अलका पाण्याची बादली अर्ध्यावर टाकून धावत आली. रत्नमालाची अकरा वर्षांची लेक. जन्म जयपूरचा, शाळा हिंदी, त्यामुळे तिचं मराठी एका पायावर लंगडी खेळल्यासारखं चालायचं.

“आई, बन्ने नानाला पोलीस घेऊन गेले! जैबुनला त्यानं पाडलं म्हणे. मतलब, झूला खराब होता म्हणून. आणि तुझी चिठ्ठी आहे म्हणतात.”

“माझी काय?”

“तुझी चिठ्ठी. तू लिहिलं ना की झूल्यावरून पडली.”

रत्नमालाच्या हातातली कणीक हातातच राहिली.

बन्ने मियाँला अख्खी गल्ली नाना म्हणायची. सत्तरीचा म्हातारा. वर्षभर हातगाडीवर चणे विकायचा आणि ईदला त्याचा झूला निघायचा. झूला म्हणजे आपल्या जत्रेत हातानं फिरवतात तसला चार डोल्यांचा लाकडी पाळणा. नगिने म्हणजे अंगठीतले खडे घासणाऱ्या, लाखेच्या बांगड्या वळणाऱ्या, कपड्यांना गोट्याची जरीकिनार लावणाऱ्या पोरांची वर्षभरातली चैन ती एवढीच.

“तू काल गेली होतीस ना तिकडं?” रत्नमालानं विचारलं.

“गेले होते. सेवई खाल्ली, दोन घरी. झूल्यावर बसले तर बूड भाजलं! नानाला म्हटलं, सावलीत लावायचा ना. तर म्हणतो, बेटी, सावली आता मी खिशात घेऊन फिरू का? ते झाड आंधीत पडलं ना मागच्या पंधरवड्यात. म्हणून या वेळी पंप-घराच्या मागच्या मैदानात लावला. तिथं नुसतं ऊन.”

“आणि जैबुन?”

“ती नव्हतीच. मी दुपारभर होते. कोणी पडलं असतं तर त्यानं झूला थांबवला नसता?”

पंडित, अलकाचा बाप, रेल्वेत गार्ड. रात्रभर गाडी करून आलेला, अंथरुणावरूनच म्हणाला, “तुले काय करायचं हाय? पोरगी आपली नाही, मानूस आपला नाही.”

“चिठ्ठी आपली आहे ना!”

“मंग काहून लिहिली?”

तिनं परातीत कणीक आपटली.

अलका दाराशी घुटमळत होती. “आई, जैबुनच्या हाताला मेंदी होती?”

“होती. एका.”

“एका? चाँदरातीला एका हातावर कोण लावतं? दोन्ही लावतात. ती तर दर वर्षी मला दाखवायला येते. मतलब, दोन्ही.”

रत्नमाला थांबली. काल धुतलेला तो उजवा हात तिच्या डोळ्यांपुढे आला. तळवा शाबूत होता. तीन बोटं शाबूत होती. त्यांवर मेंदीचा एक ठिपका नव्हता.

मेंदी लागली मंगळवारी संध्याकाळी. झूला फिरला बुधवारी. आणि तो हात मेंदी लागायच्या आधीच फडक्यात होता.

३

ठाण्यातला हवालदार भंवरलाल याच्या आईच्या पायाचं गळू रत्नमालानं एकदा फोडलं होतं. तेवढ्या ओळखीवर तिला कोठडीच्या गजांपर्यंत जाता आलं.

बन्ने मियाँ भिंतीला टेकून बसला होता. ईदचा पांढरा कुर्ता मळलेला.

“आलीस, बेटी? तुझीच चिठ्ठी आहे म्हणतात.”

“माझीच आहे.”

“अक्षर छान आहे असं भंवरलाल म्हणाला.” म्हाताऱ्यानं हसायचा प्रयत्न केला. “मला वाचता येत नाही, नाहीतर मीही वाचलं असतं.”

“नाना, थट्टा पुरे. जैबुन बसली होती झूल्यावर?”

“नाही बसली. मी तिच्यासाठी पहिला फेरा थांबवला होता. तिचा बाप माझ्याबरोबर झूला ओढायचा. तो गेल्यापासून ईदचा पहिला फेरा जैबुनचा, फुकट. या वेळी वाट पाहिली. पोरं ओरडायला लागली तेव्हा दुसऱ्यांना बसवलं.”

“झूला उभा कधी केला?”

“मंगळवारी रोजा सोडला, दोन घास खाल्ले, मग खांब गाडले. त्याआधी लाकडं माझ्या घराच्या छतावर होती. विचार कोणालाही.”

“मग हे पोलिसांना सांगितलं का नाही?”

“सांगितलं ना. पण सांगणारा मी. माझ्याविरुद्ध बोलणारे केवढाले!”

भंवरलालनं तिला बाजूला घेतलं. “बाईजी, तीन गोष्टी आहेत. तुमची चिठ्ठी. कारखान्याचा ठेकेदार फय्याज, त्याची तक्रार, की बुधवारी दुपारी पोरगी झूल्यावरून पडली. हे दोन काय, उडूनही जातील. पण सेठनं वरून कोणाला तरी फोन केलाय. कामगारांची पाहणी करतात ते साहेब. त्यांचा लेखी रिपोर्ट येतोय. त्यांनी म्हणे स्वतः पाहिलंय.”

“सेठ कोण?”

“कारखान्यात नगिने कोणाचे घासतात? जौहरी बाजारातल्या सेठचे. फय्याज नुसता पोरं सांभाळतो.”

“साहेब पोरीला पडताना पाहतात आणि उचलत नाहीत?”

भंवरलालनं मिशी चावली. “ते मी कसं विचारू? मी हवालदार आहे. सोमवारी साहेब इथं सही करायला येणार. मग म्हाताऱ्याची रवानगी जेलात. या उन्हाळ्यात, या वयात... तुम्हीच समजा.”

४

शुक्रवारी ती गल्लीत गेली. गल्लीच्या तोंडाशी मोठा खड्डा होता, मुळं वर आलेली, बाजूला तोडलेल्या फांद्यांचा ढीग. खड्ड्यात एक बकरी पाला चघळत उभी होती.

कारखाना म्हणजे एक लांब खोली, खिडकी एकच. मधोमध विजेची मोटर, तिच्यावरून निघालेला पट्टा, पट्ट्यावर ओळीनं फिरणाऱ्या दगडी चकत्या. चकतीवर नगिना टेकवायचा, घासायचा, डोळ्याला लावून बघायचा, परत घासायचा. ईदचा तिसरा दिवस म्हणून काम अजून सुरू झालं नव्हतं. भिंतीपासून जमिनीपर्यंत सगळ्यावर हिरवी पूड.

फय्याज चाळिशीचा. उजव्या तर्जनीचं टोक नाही.

“सलाम, बाईजी. चहा?”

“नको. हे पत्र्याचं झाकण नवं दिसतंय.”

पट्ट्यावर ठोकलेला पत्रा कोरा होता. स्क्रू चकचकीत. खोलीत पूड नसलेली एवढी एकच वस्तू.

“हो... असंच. बसवायचं राहिलं होतं.”

“कधी बसवलं?”

“झाले चार-आठ दिवस.”

“चार-आठ दिवसांत इथल्या चहाच्या कपावर पूड बसलीये. पत्र्यावर नाही.”

फय्याजनं कप उचलून खिडकीत ठेवला.

रत्नमाला चकतीपुढच्या बैठकीकडे वाकली. वीतभर उंचीच्या चौक्या, चौदा. तिनं एकीवर बसून दाखवलं. गुडघे पार हनुवटीला आले.

“इथं कोण बसतं, फय्याजभाई? मोठी माणसं?”

“आपलेच लोक. घरचे.”

“मंगळवारी काम चालू होतं?”

या प्रश्नावर तो सैल झाला. त्याची तक्रार बुधवारची होती, मंगळवारची त्याला काय भीती? “होतं ना. सोमवारी सगळे छतावर चढले, चाँद दिसलाच नाही. पोरांनी तर तोंडं पाडली. मग मंगळवारी तिसावा रोजा. सेठचा माल अडकला होता, म्हटलं दिवस कशाला वाया घालवा. मगरिबपर्यंत, सूर्य बुडेपर्यंत, चकत्या फिरत होत्या. अख्खी गल्ली चालू होती. बांगडीवालेसुद्धा.”

“तुझं बोट कधी गेलं?”

त्यानं हात मागे घेतला. “सात वर्षांचा होतो. याच खोलीत. तेव्हा चकती पायानं फिरवायचे.”

“मग तुला ठाऊक आहे की झूल्यावरून पडून असं बोट चिरडत नाही.”

फय्याजनं बंद चकती हातानं थोडी फिरवली. “बाईजी, सेठ म्हणाला, कारखाना बंद पडला तर चौदा घरं बसतील. म्हणाला, म्हाताऱ्याला दोन दिवसांत सोडवू.”

“आणि साहेबांना कोणी सांगितलं?”

“ते मला विचारू नका. साहेब इथं येत नाहीत. सेठच्या गादीवर येतात.”

बाहेर पडताना तिनं त्याला एवढंच म्हटलं, “हे सोमवारी ठाण्यात बोलशील?”

त्यानं दार लोटून घेतलं.

५

शनिवारी मोठ्या दवाखान्यात जैबुनची दोन बोटं काढून झाली होती. हात पांढऱ्या गुंडाळ्यात. शेजारी धाकटी बहीण नन्ही, आठ वर्षांची, पाण्याचा तांब्या धरून बसलेली.

रत्नमालानं झूल्याचं नाव काढलं नाही. डावा हात हातात घेतला. “मेंदी चांगली रंगलीये. कोणी काढली?”

“मी!” नन्ही म्हणाली. “चाँदरातीला. ती झोपून होती. मी म्हटलं एका हाताला तरी लावते. नाहीतर ईद कशी वाटणार?”

“आणि दुसऱ्याला?”

“त्याला तर फडकं...”

जैबुननं पायानं तिला ढोसलं. नन्ही तांब्याकडे बघायला लागली.

“खाला,” जैबुननं मावशीला मारावी तशी हाक मारली. तिचा आवाज रत्नमालानं पहिल्यांदा ऐकला, घोगरा, म्हातारीसारखा. “कोणाला सांगू नका. खोली फय्याज चाचाची आहे. अम्मी म्हणाली, झूला म्हटलं तर कोणाचंच काही बिघडत नाही. झूल्याला काय, लाकूड असतं.”

तिला माहीतच नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं. रत्नमालाला क्षणभर वाटलं की आपणही सांगू नये. मग तिला स्वतःच्या हातची चिठ्ठी आठवली.

“बेटा, झूल्याला माणूस असतो. बन्ने नाना गुरुवारपासून कोठडीत आहे.”

जैबुननं डोळे मिटले.

“पहिला फेरा माझा असतो,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. मंगळवारी दुपारी, जोहरची अजान व्हायच्या जरा आधी. डोळ्यांवर झापड आली. तिचा तो पहिला पुऱ्या महिन्याचा रोजा होता, अम्मी नको म्हणत असताना धरलेला. हात पट्ट्यात गेला. फय्याज चाचानंच मोटर बंद केली, चाचानंच फडकं बांधलं, आणि चाचा रडत होता.

रत्नमाला जिना उतरली ती चडफडत. सगळं कळलं होतं आणि हातात काहीच नव्हतं. कोठडी उघडायची तर साहेबांच्या कागदाशी गाठ होती. त्यापुढे साक्षीला दहा वर्षांची पोर, तिची आठ वर्षांची बहीण, तिसरी स्वतः रत्नमाला, जिनं एकदा खोटं लिहून दिलंय. ‘मी स्वतः पाहिली’ म्हणणाऱ्या सरकारी शिक्क्यापुढे या तिघींचं कोण ऐकणार?

कागद मोडायचा तर कागदानंच मोडायला हवा होता. रविवारी ती भंवरलालच्या घरी गेली, आईचा पाय बघायच्या निमित्तानं. रिपोर्ट आला होता. त्यानं तो तोंडपाठ म्हणून दाखवला, तारखेसकट.

तारीख ऐकली आणि रत्नमालानं म्हातारीचा पाय हातातच धरून ठेवला. “परत सांग.”

६

सोमवारी सकाळी साहेब आले. टेरिकॉटचा सफारी, काळा चष्मा, मनगटावर लग्नकार्यात बांधतात तो लाल-पिवळा दोरा, अजून कोरा. ठाणेदारानं खुर्ची दिली. रत्नमाला बाकावर होती, शेजारी मुनीरा. कोपऱ्यात फय्याज, आला होता पण कोणाकडे बघत नव्हता. बन्ने मियाँला बाहेर आणून जमिनीवर बसवलं होतं.

“या बाई कोण?” साहेबांनी विचारलं.

“ती चिठ्ठी लिहिणाऱ्या, सर.”

“अच्छा, अच्छा. चांगलं काम केलंत.”

“साहेब,” रत्नमाला उठून उभी राहिली, “मला फार कळत नाही. एक-दोन गोष्टी विचारू? माझी चिठ्ठी तुमच्या रिपोर्टाबरोबर लागणार, म्हणून.”

“विचारा.”

“पाहणीला तुम्ही मंगळवारीच गेला होतात?”

“मंगळवारीच. सुट्टी असून गेलो. आमची नोकरीच अशी.”

“सुट्टी कसली?”

साहेब हसले. “ईदची. घरात कॅलेंडर नाही का? मंगळवारचा आकडा लाल आहे.”

भंवरलालला खोकला आला. ठाणेदारानं मान वर केली.

“साब,” भंवरलाल म्हणाला, “कॅलेंडरमधे मंगळवारी होती. पण सोमवारी चाँद दिसला नाही. ईद बुधवारी झाली.”

“मंगळवारी तिसावा रोजा होता, साहेब,” रत्नमाला म्हणाली. “तुम्ही मंगळवारी त्या गल्लीत पाय ठेवला असतात तर बंद कारखाना दिसला नसता. प्रत्येक चकती फिरत होती. झूला तर छतावर पडलेला होता. कॅलेंडर छापणाऱ्याला चाँद वर्षभर आधी दिसतो. गल्लीतल्या लोकांना छतावर चढून बघावा लागतो.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. सराईत माणूस. “तारखेचं काय घेऊन बसलात? बुधवारच म्हणायचं होतं मला. लिहिताना एक दिवस इकडचा तिकडे होतो. ठाणेदारसाहेब, दुरुस्त करून घ्या. बुधवार.”

“होतं असं,” ठाणेदार म्हणाला आणि पेन काढलं.

बन्ने मियाँनं मान खाली घातली. मुनीराच्या तोंडून बारीक आवाज निघाला. पेन कागदाला टेकलं.

“थांबा,” रत्नमाला म्हणाली. “बुधवार नक्की ना, साहेब? दुरुस्ती झाली की परत फिरता येणार नाही.”

“नक्की. ईदच्याच दिवशी. सांगितलं ना.”

“आणि पोरगी पडली ती कडुनिंबाच्या सावलीतल्या झूल्यावरून?”

“मी दहा मिनिटं उभा होतो त्या सावलीत. ऊन काय कमी होतं?”

“गल्लीच्या तोंडाशी आहे तो कडुनिंब?”

“तोच. मोठा.”

ठाणेदारानं पेन खाली ठेवलं. त्याची रोजची गस्त त्याच रस्त्यावरून जायची.

“तो कडुनिंब पंधरा दिवसांपूर्वीच्या आंधीत पडला,” रत्नमाला म्हणाली. “तिथं खड्डा आहे, त्यात बकऱ्या चरतात. या वर्षी झूला पंप-घराच्या मागे होता, रखरखत्या उन्हात. माझी पोरगी भाजून आली. मंगळवारी गेला असतात तर कारखाना चालू दिसला असता. बुधवारी गेला असतात तर झाड दिसलं नसतं. तुम्ही मंगळवारीही गेला नाहीत आणि बुधवारीही नाही. मागच्या ईदचा कागद काढलात, तेव्हा झाड होतं. कॅलेंडर बघून वर नवी तारीख घातलीत. आणि पोरगी पडल्याचं शेवटचं वाक्य? ते सेठनं फोनवर सांगितलं, ते खाली चिकटवलंत.”

“तोंड सांभाळून बोला, बाई! तुम्हीच लिहिलंय झूला म्हणून!”

“लिहिलंय. खोटं लिहिलंय.” तिनं पिशवीतून एक नवा कागद काढला. “हे खरं. जखम एक दिवसाची शिळी होती, तिच्यात पॉलिशची पूड होती, हातावर मेंदी नव्हती. खाली माझी सही. मी माझी चूक माझ्या अक्षरात लिहून आणलीये. तुम्ही तुमची लिहिता का?”

साहेबांनी चष्मा परत चढवला. मग कोपऱ्यातून फय्याजचा आवाज आला. तो आपल्या तुटक्या बोटाशी बोलत असल्यासारखा म्हणाला, “पत्रा मी मंगळवारी रात्री बसवला. आधी बसवायला हवा होता.”

७

बन्ने मियाँला त्याच दुपारी सोडलं. घरी जाण्याआधी तो मोठ्या दवाखान्यात गेला. जिना चढायला त्याला पाऊण तास लागला. जैबुनच्या खाटेपाशी बसून म्हणाला, “फेरा उधार राहिला. लाकडं अजून उतरवलेली नाहीत.” पंधरा दिवसांनी त्यानं पंप-घरामागे एकट्या जैबुनसाठी झूला फिरवला. ती एका हातानं दांडा धरून बसली होती. भीती वाटते का, असं अलकानं खालून विचारलं. ती म्हणाली, “लाकडाला काय भ्यायचं?”

रत्नमालाला मेमो मिळाला. बाहेरच्या पेशंटवर इलाज केला, चिठ्ठीत चुकीची नोंद केली. दोन्ही खरं होतं. तिनं सही करून घेतला. पंडित आठवडाभर बोलला नाही. मग एका सकाळी म्हणाला, “जैबुनच्या मायला सांग, माह्या युनिफॉर्मचं बटन तुटलं हाय.” त्याच्या परीनं त्यानं विषय मिटवला.

फय्याजवर खटला झाला. सेठचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, म्हणून सेठवर झाला नाही. कारखाना बारा दिवस बंद राहिला. तेराव्या दिवशी दुसऱ्या ठेकेदारानं तो उघडला. पत्रा अजून जागेवर आहे, तेवढी एक गोष्ट झाली.

चौदा चौक्या तशाच आहेत. जैबुनच्या चौकीवर आता नन्ही बसते.

आणि तुमचा रिपोर्ट, साहेब? म्हाताऱ्यावरची केस गेली, पण कागद गेला नाही. झूल्याचं आणि पोरगी पडल्याचं वाक्य तेवढं खोडलं. ‘एकही बालक कामावर आढळले नाही’ हे वाक्य शिक्क्यासकट फायलीत जिवंत आहे. त्याच वाक्यावर वरच्यांनी वर लिहून पाठवलं की या बाजारात मुलं कामाला नाहीत.

त्या मंगळवारी तुम्ही कुठे होतात, हे आम्ही विचारत नाही. जयपूरजवळच्या चौमूं गावात एका लग्नाच्या मांडवात तुम्हाला पुष्कळांनी जेवताना पाहिलं. आम्ही एवढंच विचारतो: त्या खोलीत तुम्ही कधी येताय? दार उघडं आहे, पट्टा फिरतो आहे, आठ वर्षांची एक पोर चौकीवर बसली आहे. वार तुम्ही सांगा. ईद सोडून कुठलाही सांगा.

उत्तर द्या.